हिमवादळाची बेगमी

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी आपल्या घराघरांतून जी लगबग उडते तिचे वर्णन आमच्या वाचकांस करून सांगावयास नको. घर शाकारावयाचे, सरपण कोरड्या जागी रचावयाचे, तांदूळ, मीठ, मिरची, चिंच, कोकम, सुकी मासळी यांची साठवण करावयाची. गोव्यातील आपली माणसे यासच पुरुमेंत म्हणतात. चार महिने आभाळ फाटले तरी चूल विझू नये, एवढाच त्या साऱ्या खटाटोपाचा हेतू. आपली बेगमी ही अशी पावसाची. परंतु जगाच्या पाठीवर अशीही गावे आहेत की, जेथील माणसे पावसाची नव्हे, तर बर्फाच्या वादळाची बेगमी करतात. आणि ती करावयास त्यांना महिना-पंधरवडा मिळत नाही, मिळालेच तर दोन-तीन दिवस मिळतात. अशाच एका शहराची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. ती २०२२ सालच्या नाताळातील आहे. तीत शहाणपण आहे, चूक आहे, शोक आहे, आणि काही उघडलेल्या व काही न उघडलेल्या दारांची गोष्टही आहे.

सरोवराकाठचे शहर

अमेरिकेतील न्यू यॉर्क राज्याच्या पश्चिम टोकास बफेलो नावाचे शहर आहे. नायगाराचा प्रसिद्ध धबधबा तेथून जवळच. आयर्लंड, जर्मनी, पोलंड, इटली अशा देशांतून पोट भरावयास आलेल्या कष्टकरी कुटुंबांनी या शहराच्या जुन्या वस्त्या वसविल्या, आणि त्यांनी उभारलेल्या चर्चचे मनोरे आजही तेथे दिसतात. शहराच्या पश्चिमेस ईरी सरोवर पसरले आहे. सरोवर म्हणजे आपल्याकडील तलाव नव्हे. त्याची लांबी सुमारे ३९० किलोमीटर आहे. ते नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे लांबोळके पसरलेले असून त्याच्या नेमक्या पूर्व टोकावर बफेलो वसले आहे. या शहराच्या सुखदुःखाचे मूळ याच गोष्टीत आहे.

उन्हाळ्यात तापलेले सरोवराचे पाणी थंडी पडली तरी लवकर निवत नाही. उत्तर ध्रुवाकडून आलेला कोरडा, बोचरा वारा त्या उबदार पाण्यावरून शेकडो किलोमीटर वाहत येतो, वाटेत पाण्याची वाफ पोटात साठवितो, आणि काठाशी येताच ती सारी हिमाच्या रूपाने जमिनीवर ओततो. आपल्या सह्याद्रीच्या अंगावर समुद्रावरचा वारा पाऊस ओततो, तसाच हा प्रकार. बर्फाचा हा पट्टा पुष्कळदा इतका अरुंद असतो की, एका वस्तीत माणूस कमरेइतक्या बर्फात उभा असावा आणि तेथून दोन-तीन कोसांवर स्वच्छ ऊन पडलेले असावे.

तथापि बर्फ पडणे निराळे आणि हिमवादळ निराळे. बर्फ कितीही पडला तरी तो फावड्याने बाजूस सारता येतो. त्यात मुले खेळतात, आणि नाताळच्या चित्रांत तो शोभूनही दिसतो. हिमवादळात मारतो तो मुख्यतः वारा. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने याची व्याख्याच करून ठेवली आहे. वाऱ्याचा वेग किंवा त्याचे वारंवार येणारे झोत ताशी ५६ किलोमीटर वा त्याहून अधिक असावेत, उडणाऱ्या बर्फामुळे ४०० मीटरपलीकडचे काही दिसू नये, आणि ही स्थिती निदान तीन तास टिकावी, म्हणजे ते हिमवादळ. असे वादळ भरात आले म्हणजे पुढे केलेला आपलाच हात दिसत नाही. आकाश, भूमी, रस्ता, कुंपण सारे एकाच पांढऱ्या रंगाचे होऊन जाते. माणूस आपल्या अंगणात वाट चुकतो, आणि घराच्या भिंतीपासून वीस पावलांवर गोठून मरतो.

दोन जुन्या आठवणी

पूर्वी या वादळांची आगाऊ वर्दी कोणास मिळत नसे. १२ जानेवारी १८८८ चा दिवस अमेरिकेच्या मध्यभागातील मैदानी प्रदेशात आजही विसरला गेलेला नाही. कित्येक दिवसांच्या कडाक्यानंतर त्या सकाळी हवा ऊबदार झाली. माणसे जाड कपडे घरी टाकून शेतावर गेली, मुले हलक्या कपड्यांनी शाळेस गेली. दिवस अर्धा सरण्याच्या सुमारास वायव्येकडून वादळ भिंतीसारखे चालून आले. नेब्रास्का, डाकोटा, मिनेसोटा या भागांत मिळून सुमारे २३५ जीव गेले असे मानतात. त्यांत शाळेतून घरी निघालेली मुले इतकी होती की, ते वादळ शाळकरी मुलांचे वादळ म्हणूनच इतिहासात नोंदले गेले. हवामानाचा अंदाज वर्तविणारे खाते तेव्हाही होते, तारायंत्रेही होती. परंतु माळावर विखुरलेल्या एकेकट्या घरापर्यंत तो निरोप पोहोचविणार कोण? अशा प्रदेशातील शेतकरी हिवाळ्यात घरापासून गोठ्यापर्यंत दोर बांधून ठेवीत. गुरांना चारा घालून येणाऱ्या माणसाने तो दोर हातातून सोडला नाही, म्हणजे तो घरी परतत असे.

दुसरी आठवण बफेलोचीच. १९७६-७७ च्या हिवाळ्यात ईरी सरोवर १४ डिसेंबरलाच गोठून गेले आणि त्याच्या विस्तीर्ण पाठीवर पीठ सांडावे तसा भुसभुशीत बर्फ साचत राहिला. २८ जानेवारी १९७७ रोजी, शुक्रवारी, लोक कामावर गेले असताना वादळ आले. आकाशातून नवा बर्फ जेमतेम फूटभर पडला. पण सरोवरावर साचलेला सारा बर्फ वाऱ्याने उचलून शहरावर आणून टाकला. काही ठिकाणी त्याचे ढीग घरांच्या छपरांशी जाऊन भिडले. हजारो माणसे कचेऱ्यांत आणि कारखान्यांत अडकून पडली. त्या वादळात २९ जण दगावले; त्यांतील कित्येकांची प्रेते बर्फात गाडल्या गेलेल्या मोटारींत सापडली. आजोबांनी नातवंडांस सांगाव्यात अशा त्या वादळाच्या गोष्टी बफेलोत घरोघर सांगितल्या जातात.

वर्दी आली

२०२२ साली मात्र वर्दी अगदी वेळेवर आली. नाताळ त्या वर्षी रविवारी होता. त्या आठवड्याच्या आरंभापासूनच हवामान सेवेची बफेलो येथील शाखा लोकांस सावध करीत होती. शुक्रवार, ता. २३ डिसेंबरच्या सकाळी वारा फिरेल, पाहता पाहता थंडी गोठणबिंदूच्या खाली जाईल, आणि त्यानंतर दोन दिवस घराबाहेर पडणे जिवावर बेतेल, असे तिने स्पष्ट शब्दांत कळविले. असे वादळ पिढीतून एखादेच येते, असेही तिने बजावले. राज्याच्या गव्हर्नर कॅथी होकल या बफेलोकडच्याच. त्यांनी गुरुवारीच आणीबाणी जाहीर केली. आकाशवाणी, दूरचित्रवाणी, भ्रमणध्वनी या सर्वांतून एकच सांगणे चालले होते: हवे ते आज आणा आणि उद्या घरी राहा.

मग दुकानांतून गर्दी उसळली. अशा वेळी तेथील शहाणे कुटुंब काय काय करते ते पाहण्यासारखे आहे. पाव, दूध, अंडी, डबाबंद अन्न, तान्ह्या बाळाचे दूध, म्हाताऱ्यांची औषधे ही आठवडाभर पुरतील इतकी आणून ठेवावयाची. वीज जाणार हे धरून विजेऱ्या, त्यांचे सेल आणि कांबळी हाताशी ठेवावयाची. नळ गोठून फुटू नयेत म्हणून पाण्याची बारीक धार चालू ठेवावयाची. बर्फ काढावयाचे फावडे बाहेर नव्हे, तर दाराच्या आत उभे करावयाचे. कारण बाहेर ठेवलेले फावडे काढावयास दुसरे फावडे लागते. उंबऱ्यापुढच्या पायऱ्यांवर मीठ पसरावयाचे, म्हणजे बर्फ घट्ट धरत नाही. घर तापविणारी यंत्रणा बंद पडलीच तर सर्वांनी एका खोलीत जमून दारांच्या फटींत कापड कोंबावयाचे. पण कोळशाची शेगडी बंद खोलीत कदापि पेटवावयाची नाही, कारण तिच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू वास न येता झोपेतच प्राण घेतो.

मोटारीचेही नियम आहेत. टाकी इंधनाने भरून ठेवावयाची, आत कांबळे, फावडे, पाणी आणि काही खावयाचे ठेवावयाचे. वाटेत अडकलात तर गाडी सोडून चालू लागावयाचे नाही. तीच तुमची झोपडी. दर तासास दहा मिनिटे यंत्र चालू करून ऊब घ्यावयाची, मात्र त्याआधी धूर सोडणारी नळी बर्फाने बुजलेली नाही ना हे पाहून घ्यावयाचे आणि एक खिडकी किंचित उघडी ठेवावयाची. गाडीस एखादे लाल फडके बांधावयाचे, म्हणजे शोधणाऱ्यास ती दिसते.

हे सारे बफेलोकरांस पाठ असते. किंबहुना तेच त्यांना भोवले की काय, असे आम्हांस वाटते. अवघ्या पाच आठवड्यांपूर्वी, नोव्हेंबरात, जवळच्या ऑर्चर्ड पार्क या गावी सुमारे ८० इंच बर्फ पडला होता, आणि तोही लोकांनी पचविला होता. ज्याने इतका बर्फ पाहिला त्यास आणखी चार फुटांचे भय ते काय! बर्फाची सवय असलेल्या माणसास वाऱ्याचे भय वाटले नाही, यात नवल नाही. रोज होडी हाकणारा नावाडीच पुष्कळदा पुराला कमी लेखतो.

शुक्रवारची सकाळ

शुक्रवारी पहाटे बफेलोत बर्फ नव्हता, पाऊस होता. नाताळ दोन दिवसांवर आलेला, राहिलेली खरेदी व्हावयाची, आणि ज्यांचे पोट रोजच्या कामावर अवलंबून त्यांस कामावर जाणे भागच. रस्त्यांवर मोटारी बंद ठेवण्याचा हुकूम ईरी परगण्याच्या अधिकाऱ्यांनी काढला तो सकाळी साडेनऊपासूनचा, आणि तो लोकांस कळविला गेला जेमतेम ४१ मिनिटे आधी. तोपर्यंत अनेकजण कामावर पोहोचले होते, अनेकजण वाटेत होते. वादळ मात्र सांगितलेल्या वेळी आले. वारा फिरला, पारा कोसळला, ओले रस्ते काचेसारखे गोठले, आणि त्यानंतर शहर दिसेनासे झाले.

पुढे ३७ तास ते दिसले नाही. इतका वेळ एकसारखे हिमवादळ बफेलोच्या विमानतळावर नोंदले गेले. वाऱ्याचे झोत ताशी ११० किलोमीटरच्या वर गेले. नाताळचे दिवस सरून वादळ पुरते निवळेपर्यंत विमानतळावर ५१.९ इंच, म्हणजे सव्वाचार फुटांहून अधिक, बर्फ पडला. विजेची उपकेंद्रे बर्फाने भरून बंद पडली आणि हजारो घरे अंधारात व थंडीत गेली. मदतीस धावलेल्या रुग्णवाहिका अडकल्या. त्यांना सोडवावयास निघालेली बर्फ लोटणारी यंत्रे अडकली. आणि त्या यंत्रांना सोडवावयास निघालेल्या गाड्याही अडकल्या. शहराचे अग्निशामक दल लोकांच्या हाकेस जाऊ शकले नाही असे दलाच्या इतिहासात प्रथमच घडले, असे अधिकाऱ्यांनी त्या वेळी सांगितले. हाक ऐकू येत होती, ती कोठून येते हेही ठाऊक होते. पण जाण्यास वाट नव्हती.

नाताळच्या पूर्वरात्री, जेव्हा घरोघरची माणसे गव्हाणीपुढे मेणबत्त्या लावून मध्यरात्रीच्या मिस्सेस निघावयाची, तेव्हा कित्येक चर्चची दारे उघडलीच नाहीत. उघडून येणार कोण? आपल्याकडे पावसात छत्री घेऊन, होडीत बसून, डोंगर उतरून मिस्सेस येणारी माणसे आहेत. तेथे त्या रात्री चर्चपर्यंतचे शंभर पावलांचे अंतरही ओलांडू नये हेच शहाणपण होते.

हिशेब

वादळ शमले आणि हिशेब लागू लागला. बफेलो व आसपासच्या भागात मिळून ४७ माणसे गेली. त्यांतील कोणी रस्त्यावर चालताना कोसळले, तर कोणी आपल्या मोटारीत. कोणी वीज गेलेल्या घरात गारठून गेले, कोणी बर्फ उपसताना हृदय बंद पडून गेले, आणि कोणी असे की, ज्यांचे दुखणे एरवी जीवघेणे ठरले नसते, परंतु वेळेवर रुग्णवाहिका पोहोचली नाही. कामावरून घरी परतणारी एक तरुणी मोटारीत अडकली आणि दूरच्या आपल्या माणसांस निरोप धाडीत राहिली. तिच्यापर्यंत मदत पोहोचली तेव्हा उशीर झाला होता.

वाचकहो, या ४७ जणांस मूर्ख म्हणून हिशेब मिटविणे सोपे आहे. वर्दी मिळाली असता ते बाहेर पडलेच का, असे कोणीही विचारील. परंतु थोडे खोल पाहावे. शहरातील मृतांपैकी अर्ध्याहून अधिक कृष्णवर्णीय होते, आणि शहराच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण इतके मोठे नाही. त्यांची वस्ती प्रामुख्याने शहराच्या पूर्व भागात. तेथील घरे जुनी, हवा अडविण्यास कमी पडणारी. मोठी किराणा दुकाने थोडी. पुष्कळांकडे मोटार नाही. आठवडाभराचे सामान आजच भरा, असे सांगणे सोपे आहे. पण ज्याच्या हाती आठवड्याचा पगार शुक्रवारी पडावयाचा, त्याने गुरुवारी ते भरावे कशाने? कामावर येऊ नका, असे मालकाने सांगितले नाही, तर रोजंदारीवरच्या माणसाने घरी बसावे कोणाच्या भरवशावर? शहराच्या सांगण्यावरून न्यू यॉर्क विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०२३ साली या वादळाची चौकशी करून अहवाल दिला. त्यातही हेच दिसून आले की, मोटारी बंद ठेवण्याचा हुकूम उशिरा निघाला आणि ज्यांस त्याची सर्वांत अधिक गरज होती त्यांच्यापर्यंत तो नीट पोहोचला नाही.

१८८८ साली वर्दी माणसापर्यंत पोहोचली नाही म्हणून मुले मेली. २०२२ साली वर्दी कानांपर्यंत पोहोचली. पण कित्येकांस ती पाळणे परवडले नाही, आणि परवडावे अशी व्यवस्था वेळेवर झाली नाही. त्या माळावरच्या शेतकऱ्याने गोठ्यापर्यंत जो दोर बांधला, तसा दोर गावातील प्रत्येक घरापर्यंत बांधलेला असावा लागतो.

दारे

त्या दोन रात्रींत असे दोर माणसांनी माणसांकडे टाकलेही. बफेलोच्या एका उपनगरात शुक्रवारी दुपारी एका घराचे दार वाजले. बाहेर दोघे अनोळखी पुरुष उभे. ते दक्षिण कोरियाचे प्रवासी. नायगारा पाहावयास निघाले असता त्यांची गाडी रस्त्याकडेच्या चरात रुतली होती, आणि ती काढावयास त्यांना फावडे हवे होते. घरधन्याने बाहेर पाहिले आणि ओळखले की, हे काम फावड्याचे नव्हे. त्याने त्यांना आत घेतले. त्यांना म्हणजे गाडीच्या चालकासह दहा जणांना! नाताळच्या दिवसापर्यंत ते दहाजण त्या घरी राहिले, सोफ्यांवर आणि अंथरुणांवर जागा मिळेल तेथे झोपले. योगायोग असा की, त्या पतिपत्नींना कोरियन जेवणाची आवड होती. कोरियन पद्धतीचे लोणचे, मसाले, सोयाबीनचा रस हे सारे घरात होते. पाहुण्यांनी चूल ताब्यात घेतली आणि आपल्या देशाचे पदार्थ रांधून यजमानांस वाढले.

या गोष्टीतील एक बारकावा सहज नजरेआड होतो. घरधन्याने वर्दी मानली होती. आपण दोन-चार दिवस अडकणार हे ओळखून त्याने कोठी भरून ठेवली होती. ती दोघांसाठी भरलेली कोठी बारा जणांस पुरली. कोठी रिकामी असती तर मन कितीही मोठे असून काय उपयोग होता?

आणखी एक गोष्ट. दुसऱ्या एका उपनगरात एक मनुष्य आपल्या मित्राच्या मदतीस म्हणून निघाला आणि स्वतःच अडकला. त्याने एकामागून एक दारे ठोठावली, रात्रभर जमिनीवर पडू देण्याबद्दल पैसेही देऊ केले. कोणी आत घेतले नाही. बेथलेहेमची ती जुनी कथा आपण दरवर्षी गव्हाणीत मांडतो. ती त्या रात्री, नाताळच्या उंबरठ्यावर, त्या रस्त्यावर जशीच्या तशी घडत होती. त्याने वाटेतल्या अनोळखी माणसांस आपल्या गाडीत घेऊन रात्र काढली. इंधन संपत आले तेव्हा त्याला जवळच एक शाळा दिसली. तिची खिडकी फोडून तो आत शिरला, आणि मग बाहेर जाऊन अडकलेल्या गाड्यांतून माणसे आणू लागला. म्हातारीकोतारी, मुलेबाळे, कुत्रीसुद्धा. अशी दोन डझन माणसे त्या शाळेच्या उबेत वाचली. निघताना त्यांनी वर्ग झाडून पुसून ठेवले, आणि खिडकी फोडल्याबद्दल क्षमा मागणारी चिठ्ठी त्याने मागे ठेवली. पोलिसांनी पुढे त्याचा शोध घेतला, तो शिक्षा करावयास नव्हे, तर आभार मानावयास.

शहरात दुसरीकडे एका आईने बाहेरून कोणाचा तरी आक्रोश ऐकला. हातपाय गोठलेला एक प्रौढ मनुष्य बर्फात धडपडत होता. घरात तिची स्वतःची लहान मुले होती. तरी तिने त्याला आत आणविले आणि केस वाळविण्याच्या यंत्राने त्याच्या हातांवरचा बर्फ वितळविला. रुग्णवाहिका येईना, तेव्हा तिने समाजमाध्यमावरून मदतीची हाक घातली. ती ऐकून ज्यांना तिने कधी पाहिले नव्हते अशी माणसे बर्फ लोटीत तिच्या दारी आली आणि त्या जखमी मनुष्यास रुग्णालयात घेऊन गेली.

आपल्या अंगणात

आपल्या गोव्यात, बेळगावकडे किंवा हैदराबादेस हिमवादळ येणार नाही, हे खरे. पण वर्दी आपल्याकडेही येते. १९९९ साली ओरिसाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळाने सुमारे दहा हजार माणसे नेली. त्यानंतर त्या राज्याने किनाऱ्यावर निवारे बांधले, गावोगाव माणसे तयार केली, आणि २०१३ च्या ऑक्टोबरात फायलीन हे तसेच प्रचंड वादळ आले तेव्हा सुमारे दहा लाख लोकांस आधीच हलविले. त्या वेळी मृतांची संख्या पन्नासाच्याही आत राहिली. वर्दीचा उपयोग झाला, कारण ती घेऊन कोणीतरी दारोदार गेले, म्हाताऱ्यांस उचलून नेले, आणि नेले तेथे जेवणाची सोय केली. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा पडलेली झाडे, मोडलेले विजेचे खांब आणि अंधारातली गावे आपण डोळ्यांनी पाहिली आहेत.

म्हणून पुढल्या मृगापूर्वी, डबे-बरण्या भरून झाल्या म्हणजे, आणखी एक काम करावे असे आम्ही सुचवितो. घरातील सर्वांनी मिळून बसावे आणि आपल्या वाड्यावर एकटे कोण राहते ते मोजावे. कोणाच्या घरी म्हातारी एकटी आहे? कोणाचे छप्पर गळके आहे? कोण पाण्यात जातो, कोण रोजंदारीवर परगावी जातो आणि वादळाच्या दिवशी परत पोहोचणार नाही? कोणाकडे निरोप ऐकावयास यंत्र नाही, की ऐकू येत नाही? प्रत्येक नावापुढे आपल्यापैकी एकाचे नाव लिहावे. वर्दी आली की त्याने त्या दारी जावे. जे कामावर माणसे ठेवतात त्यांनी वादळाच्या दिवशीचा रोज न कापता सुटी द्यावी. तो एक रोज एखाद्या जिवाची किंमत ठरू शकतो.

आणि बरणीत आणखी चार मुठी तांदूळ टाकावेत. आपल्यासाठी म्हणून नव्हे. वादळाच्या रात्री कोण दार ठोठावील, आणि तो आपली भाषा बोलणारा असेल की नसेल, हे आधी कोणास ठाऊक असते?